'क्रमशः' संपले, पुस्तक आले!

आज जे पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांना इंद्रजाल कॉमिक्स नक्की आठवत असतील. पेपरवाल्याकडे किंवा स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर वेताळाचा नवा अंक टांगलेला दिसला की पाय तिथेच थबकायचे. घरी आणलेला अंक आधी कोणी वाचायचा यावरून भावंडांत हमरीतुमरी व्हायची. एखादी गोष्ट ऐन रंगात तुटायची आणि पुढच्या अंकाची वाट बघण्यात दिवस जायचे. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० साली बंद पडली. नंतर जुने अंक रद्दीत गेले, काहींनी ते ट्रंकेत जपून ठेवले. पण 'पुढे काय होणार?' ही हुरहूर मात्र मनात कुठेतरी राहिलीच.

अमेरिकेत आणि कॅनडात हीच हुरहूर काही चित्रकारांनी मोठ्या माणसांसाठी जागवली होती. त्यांच्या कॉमिक्समध्ये ना झगा उडवणारा महानायक होता, ना जगाचा नाश करू पाहणारा खलनायक. होती ती साधी माणसे! नोकरीला कंटाळलेला कारकून, शाळा संपल्यावर पुढे काय करायचे हे न कळणाऱ्या दोन मैत्रिणी, वडिलांना पहिल्यांदाच भेटणारा मध्यमवयीन मुलगा. या कॉमिक्सना तिथे 'ऑल्टरनेटिव्ह', म्हणजे वेगळ्या वाटेची कॉमिक्स म्हणतात. १९८० आणि १९९०च्या दशकांत ती पातळ, पिना मारलेल्या अंकांच्या रूपात हप्त्याहप्त्याने निघत. आज ते अंक जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. गंमत म्हणजे ही कॉमिक्स मेली नाहीत. उलट ती मोठी झाली, श्रीमंत दिसू लागली, ग्रंथालयांत आणि विद्यापीठांत जाऊन बसली. गेला तो फक्त अंक. पण त्या अंकाबरोबर आणखी काय काय गेले, हे पाहण्यासारखे आहे.

दोन पिना, चौसष्ट पाने

अमेरिकन कॉमिकचा साचा १९३०च्या दशकात ठरला. चौसष्ट पाने, वर चकचकीत मुखपृष्ठ, मधोमध दोन पिना आणि किंमत १० सेंट. १९३८ साली सुपरमॅन याच साच्यातून जगापुढे आला. हे अंक औषधांच्या दुकानांत, नाक्यावरच्या वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर मिळत. न खपलेले अंक दुकानदार परत करी. मुले ते वाचत, एकमेकांना देत आणि मग फेकून देत.

१९५४ साली या धंद्यावर मोठे संकट आले. कॉमिक्स वाचून मुले बिघडतात, अशी ओरड झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने पालकांची झोप उडवली, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःहूनच 'कॉमिक्स कोड' नावाची आचारसंहिता स्वीकारली. कोडचा शिक्का नसलेला अंक ठेल्यावर ठेवायलाही विक्रेते कचरू लागले. मोठ्यांच्या आयुष्यातले खरे प्रश्न कॉमिक्समधून असे हद्दपार झाले.

त्याविरुद्ध बंड झाले ते १९६८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. रॉबर्ट क्रम्ब या तरुण चित्रकाराने 'झॅप'चा पहिला अंक छापून घेतला आणि चक्क बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला! या 'अंडरग्राउंड' कॉमिक्समध्ये शिव्या होत्या, नशा होती, उघडीवाघडी चित्रे होती. बरेचसे आपल्या घरात आणण्याजोगे नव्हतेच. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. चित्रकाराला जे म्हणायचे आहे ते तो कोणाची परवानगी न घेता कॉमिकमधून म्हणू शकतो आणि त्याचा हक्कही स्वतःकडे ठेवू शकतो. तोवर मोठ्या कंपन्यांत चित्रकार म्हणजे पानामागे पैसे घेणारा रोजंदार होता, त्याने जन्माला घातलेले पात्र कंपनीच्या मालकीचे होई.

१९७३ साली अश्लीलतेबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काय अश्लील आणि काय नाही हे स्थानिक समाजाच्या कसोटीवर ठरणार म्हटल्यावर ही कॉमिक्स ठेवणारी छोटी दुकाने धास्तावली आणि अंडरग्राउंडचा जोर ओसरला.

मास्तरांनी काढलेली वाट

याच सुमारास ब्रुकलिनमधल्या फिल स्यूलिंग नावाच्या एका शाळामास्तरांनी वेगळीच शक्कल लढवली. कॉमिक्सचे ते वेडे होते, संमेलने भरवत. त्यांनी प्रकाशकांना सांगितले, "मी तुमच्याकडून थेट माल उचलतो. मला सूट जास्त द्या, त्या बदल्यात न खपलेला एकही अंक मी परत करणार नाही." प्रकाशकांना आणखी काय हवे होते? छापलेल्यातले निम्मेअधिक अंक ठेल्यांवरून परत येण्याची त्यांना सवय होती. आता आधी मागणी, मग छपाई!

या पद्धतीतून फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने गावोगावी उभी राहिली. त्यांना कोडच्या शिक्क्याची पर्वा नव्हती. मालक स्वतःच वाचक असे आणि गिऱ्हाइकाची आवड ओळखून दोन-चार वेगळे अंक मागवून ठेवी. मुख्य म्हणजे, मागणी आधीच कळत असल्यामुळे अगदी छोट्या प्रकाशकालाही तीन-चार हजार प्रती छापण्याचे धाडस करता येऊ लागले.

कॅनडातल्या डेव्ह सिमने १९७७ साली 'सेरेबस' सुरू केले ते स्वतःच प्रकाशक होऊन. पुढे त्याने जाहीर केले, तीनशे अंक काढीन! लोक हसले. पण २००४ साली तीनशेवा अंक खरोखरच निघाला. क्लीव्हलंडच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणाऱ्या हार्वे पीकरला चित्र काढता येत नव्हते. तो काड्यांची माणसे काढून गोष्ट समजावून सांगे आणि मित्र चित्रे काढीत. बाजारातली रांग, कचेरीतली कुरबुर, गाडी सुरू न होणे असे त्याचे विषय. १९७६ पासून वर्षाकाठी एक 'अमेरिकन स्प्लेंडर' तो पगारातून पैसे बाजूला काढून छापत राहिला. २००३ साली त्याच्यावर चित्रपट निघाला.

बहराचे दिवस

खरा बहर आला १९८१ नंतर. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड गावच्या मेक्सिकन वंशाच्या हर्नांडेझ भावांनी 'लव्ह अँड रॉकेट्स' स्वतःच छापले आणि एक प्रत 'द कॉमिक्स जर्नल' या समीक्षेच्या मासिकाकडे पाठवली. परखड, प्रसंगी बोचरी समीक्षा लिहिण्याबद्दल हे मासिक प्रसिद्ध होते. भावांना वाटले, फार तर दोन ओळी छापून येतील. पण मासिक चालवणारे गॅरी ग्रोथ इतके खूश झाले की त्यांच्या फँटाग्राफिक्स संस्थेने १९८२ पासून ते कॉमिक प्रकाशितच करायला घेतले. पहिल्या मालिकेचे पन्नास अंक १९९६ पर्यंत निघाले.

या कॉमिकची खुबी अशी की त्यातली माणसे वाचकाबरोबर म्हातारी होतात. आपल्याकडच्या वेताळाचे किंवा तिकडच्या सुपरमॅनचे वय कधी वाढत नाही. पण हायमे हर्नांडेझची मॅगी पहिल्या अंकांत विशीच्या उंबरठ्यावरची, गाड्या दुरुस्त करणारी चपळ पोरगी होती. पुढे ती लठ्ठ झाली, तिच्या मैत्रिणी दुरावल्या, पुन्हा भेटल्या, लग्न झाले, मोडले. आज ती प्रौढ बाई आहे. चाळीस वर्षे तिच्यामागे चालणारे वाचक तिच्याबद्दल नात्यातल्या एखाद्या मावशीबद्दल बोलावे तसे बोलतात. एवढे नाते एका बैठकीत वाचून संपणाऱ्या पुस्तकाने जुळले असते का?

मग अशा मालिकांची रांगच लागली. टोरांटोच्या चेस्टर ब्राउनचे 'यमी फर' आले. १९८९ साली डॅनियल क्लाउजचे 'एटबॉल', १९९० साली पीटर बॅगचे 'हेट', १९९१ साली सेथचे 'पलूकाव्हिल' आणि १९९३ साली ख्रिस वेअरची 'अ‍ॅक्मे नॉव्हेल्टी लायब्ररी' निघाली. सॅक्रामेंटोचा एड्रियन टोमिने तर शाळकरी वयातच 'ऑप्टिक नर्व्ह' फोटोकॉपी करून विकत होता. १९९५ पासून मॉन्ट्रियलच्या ड्रॉन अँड क्वार्टर्लीने ते छापायला घेतले. किंमत असे दोन-तीन डॉलर, कॉलेजच्या पोरालाही परवडेल अशी.

अंकात एकच गोष्ट नसे. आधी मुख्य कथेचा हप्ता, मग दोन पानांची टवाळी, एखादे स्वप्न, एखादा फसलेला प्रयोग आणि शेवटी वाचकांची पत्रे. ही पत्रे वाचण्यासाठीसुद्धा लोक अंक घेत. कोणी चित्रकाराची खरडपट्टी काढी, कोणी आपले दुःख लिही आणि चित्रकार ते सारे छापी. एकटेपणावर कॉमिक काढणाऱ्या चित्रकाराला आपल्यासारखे एकटे आणखी किती आहेत, हे त्या पानावरून कळे.

'एटबॉल'मधली दोन मैत्रिणींची कथा १९९३ ते १९९७ या काळात हप्त्यांनी आली. 'घोस्ट वर्ल्ड' या नावाने तिचे पुस्तक झाले आणि २००१ साली चित्रपटही. त्याच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. वेअरच्या 'जिमी कॉरिगन'चे २००० साली पुस्तक झाले आणि पुढच्या वर्षी त्याला इंग्लंडच्या गार्डियन वृत्तपत्राचा पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराची मोहोर उमटण्याआधी ही सारी पाने पिना मारलेल्या अंकांतून वाचकांच्या हाती पडलेली होती, हे विसरून चालणार नाही.

फुगा फुटला

मग बिघडले कुठे? पहिला घाव बसला तो दुसऱ्यांच्या लोभामुळे. १९९०च्या सुरुवातीस जुन्या कॉमिक्सना लिलावात प्रचंड भाव येतो, हे लोकांना कळले. झाले! आज घेतलेला अंक उद्या सोन्याच्या भावाने विकू म्हणून लोक एकेका अंकाच्या दहा-दहा प्रती घेऊ लागले. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८० लाखांहून अधिक खपला. पण जी वस्तू ८० लाख घरांत जपून ठेवलेली आहे ती दुर्मीळ कशी होणार? हे उमगताच खरेदीदार पसार झाले. दुकानदारांच्या माथी न खपणारे गठ्ठे राहिले आणि परत करण्याची सोय तर नव्हतीच. हजारो दुकाने बंद पडली. जो मालक 'हेट'च्या चार प्रती हौसेने मागवी, त्याचेही शटर खाली आले. पाप महानायकांच्या गठ्ठ्यांचे, शिक्षा मात्र साऱ्यांनाच!

दुसरा घाव वितरणाचा. १९९४च्या अखेरीस मार्व्हल कंपनीने एक वितरण संस्थाच विकत घेतली आणि दुसऱ्या वर्षी आपला सारा माल तिच्यामार्फत द्यायला सुरुवात केली. बाकीच्या बड्या प्रकाशकांनी घाईघाईने डायमंड या वितरकाशी करार केले. या ओढाताणीत छोटे वितरक चिरडले गेले. छोट्या प्रकाशकांना आधार देणारी कॅपिटल सिटी ही संस्था १९९६ साली डायमंडने गिळली. त्याच वर्षी मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९७ साली तीही डायमंडच्या दारी आली. आता दुकानांपर्यंत जाणारी वाट एकच आणि नाकेदारही एकच.

हिशेबाची वही

या नाकेदाराचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, अंकाची किंमत ३ डॉलर. त्यातला मोठा वाटा दुकानदाराचा आणि वितरकाचा. प्रकाशकाच्या हाती साधारण ४० टक्के, म्हणजे १ डॉलर २० सेंट पडतात. त्यातून छपाई, वाहतूक, कचेरीचा खर्च भागवायचा आणि मग चित्रकाराला द्यायचे. तीन हजार प्रती खपल्या तर हाती येणार ३,६०० डॉलर. चित्रकार त्या बत्तीस पानांवर सहा-सहा महिने, कधी वर्षभर खपलेला असतो! घरभाडे भरायला मग तो जाहिरातींची, नियतकालिकांची चित्रे काढतो. त्यामुळे पुढचा अंक आणखी लांबतो. अंक लांबला की दुकानदार विसरतो, वाचक विसरतो, मागणी घटते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

२००९ साली डायमंडने किमान मागणीची अट दीड हजार डॉलरवरून अडीच हजार डॉलरवर नेली. वरच्या हिशेबाने ३ डॉलरच्या अंकाच्या किमान २,१०० प्रतींची मागणी यायला हवी, नाहीतर यादीत नावच येणार नाही. नवशिक्या चित्रकाराला पहिल्या अंकाला एवढी मागणी कुठून येणार? बड्यांच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम, पण छोट्यांच्या दृष्टीने दारच बंद झाले.

कणा नसलेले पुस्तक

याच काळात शेजारचे दुसरे दार मात्र सताड उघडत होते. आर्ट स्पीगलमन यांचे 'माउस' आधी 'रॉ' या नियतकालिकातून १९८० पासून हप्त्यांनी येत होते. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची ती खरी कहाणी. तिचे पुस्तक दोन भागांत, १९८६ आणि १९९१ साली निघाले आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. मग पुस्तकांची दुकाने जागी झाली. त्यांनी कॉमिक्सच्या पुस्तकांसाठी कपाटे राखली, ग्रंथपालांनी याद्या मागवल्या.

पण दुकानाच्या कपाटात उभे राहायचे तर कणा लागतो. पिना मारलेल्या अंकाला कणाच नसतो. त्यामुळे कपाटात तो दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दिसेनासा होतो. महिन्याभराने तो शिळा ठरतो, पुस्तक मात्र वर्षानुवर्षे विकले जाते. २००१ साली फँटाग्राफिक्सने नॉर्टन या मोठ्या पुस्तक-प्रकाशकाशी वितरणाचा करार केला. त्यानंतर छोट्या प्रकाशकांचा सारा भर पुस्तकांवर आला.

वाचकही शहाणे झाले. 'आत्ता तुकडे कशाला घ्या? दोन वर्षांनी बांधीव पुस्तक येणारच आहे,' असे म्हणून ते थांबू लागले. त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? पण त्यांच्या थांबण्याने अंकांचा खप आणखी उतरला. २००३ साली क्रेग थॉम्पसनचे सुमारे सहाशे पानांचे 'ब्लँकेट्स' एकही हप्ता न छापता थेट पुस्तकरूपात आले आणि गाजले. २००६ साली अ‍ॅलिसन बेकडेल यांचे 'फन होम'ही तसेच आले. नव्या चित्रकारांना संदेश मिळाला, अंकाच्या भानगडीत पडू नका.

जुनेही एकेक करून वळले. 'हेट'ची नियमित मालिका १९९८ साली तीसाव्या अंकावर थांबली. 'एटबॉल'चा तेविसावा अंक २००४ साली आला, तो शेवटचाच. क्लाउजने २०१० साली 'विल्सन' थेट पुस्तक म्हणून काढले. वेअरने २००५ पासून आपले अंक पुठ्ठ्याच्या बांधणीत काढले. टोमिनेने मात्र हट्ट सोडला नाही. २०११च्या 'ऑप्टिक नर्व्ह'मध्ये त्याने, जुन्या साच्याला चिकटून बसलेला हेकट चित्रकार म्हणून स्वतःचीच थट्टा केली. ती वाचताना हसू येते आणि घशात काहीतरी अडकतेही.

पंखे विकणाऱ्या भावांची गोष्ट

या साऱ्या काळाची साक्ष देणारी एक कलाकृती आहे, सेथची 'क्लाइड फॅन्स'. टोरांटोत एका बंद दुकानाच्या काचेतून आत डोकावताना सेथला भिंतीवर दोन पुरुषांच्या तसबिरी दिसल्या. दुकान विजेच्या पंख्यांचे होते. तेवढ्यावरून त्याने दोन भावांची कथा रचली. एक बोलघेवडा विक्रेता, दुसरा माणसांना घाबरणारा, घरात आईजवळ राहणारा. एअरकंडिशनर येतात आणि पंख्यांची कंपनी हळूहळू विझत जाते.

ही कथा सेथने १९९७च्या सुमारास 'पलूकाव्हिल'च्या पिना मारलेल्या अंकांत सुरू केली. तिचे पुस्तक निघाले २०१९ साली! मधल्या वीस वर्षांत खुद्द 'पलूकाव्हिल'च बदलले. २०१० सालच्या विसाव्या अंकापासून ते पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक झाले. म्हणजे काळाच्या ओघात मागे पडलेल्या वस्तूची कथा सांगता सांगता ती कथा ज्या वस्तूवर छापली जात होती, तीच काळाने मागे टाकली. सेथने हे काही ठरवून केले नव्हते. २०२० साली कॅनडाच्या मानाच्या गिलर पुरस्काराच्या प्राथमिक यादीत हे पुस्तक आले. चित्रमय कादंबरीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

मिळाले काय, गेले काय?

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. मिळाले ते थोडे नाही. आज अमेरिकेतल्या गावच्या ग्रंथालयात कॉमिक्सचे कपाट असते. पूर्वी कॉमिक्सच्या दुकानात पाऊल टाकायला बिचकणाऱ्या स्त्रिया पुस्तकांच्या दुकानातून ही पुस्तके निःसंकोच घेऊन जातात, आणि लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढली आहे. जेफ स्मिथचे 'बोन' घ्या. १९९१ ते २००४ या काळात त्याने ५५ काळे-पांढरे अंक काढले, बहुतेक स्वतःच छापून. २००५ पासून शालेय पुस्तकांच्या एका मोठ्या प्रकाशकाने तेच रंगीत पुस्तकांत आणले आणि ते लाखो मुलांच्या हाती पोहोचले. नुसत्या अंकांनी हे कधीच साधले नसते.

पण गेले तेही थोडे नाही. पहिली गेली ती शिकाऊ उमेदवारी. 'एटबॉल'चे पहिले अंक आणि शेवटचे अंक शेजारी ठेवून पाहा. चित्रकार अंकागणिक कसा घडत गेला ते दिसते. चुका करायला, फसायला आणि तरीही पुढच्या अंकात सावरायला तिथे जागा होती. आज विशीतल्या मुलाला सांगितले जाते, 'तीनशे पानांचे पुस्तक घेऊन ये.' म्हणजे पोहायला शिकायच्या आधीच समुद्र ओलांडायचा! चार-पाच वर्षे तो एकटा खोलीत बसून चित्रे काढतो. मधे ना पैसा, ना पत्र, ना कोणाची शाबासकी. पुस्तक पडले तर एवढी वर्षे पाण्यात.

दुसरे गेले ते दुहेरी उत्पन्न. पूर्वी अंकाचे थोडे आणि नंतर पुस्तकाचे थोडे असे दोनदा पैसे मिळत. जेसन लूट्सने 'बर्लिन' १९९६ साली सुरू केले आणि २०१८ साली बाविसाव्या अंकात संपवले. हप्त्यांचा काही ना काही आधार नसता तर बावीस वर्षे कोण तग धरतो?

आणि तिसरे, वाट पाहण्याचे सुख. चार्ल्स बर्न्सच्या 'ब्लॅक होल'चे बारा अंक यायला १९९५ ते २००४ अशी वर्षे लागली. ज्यांनी ते तसे वाचले त्यांनी त्या कथेबरोबर नोकऱ्या बदलल्या, लग्ने केली. पुस्तक घेणारा ते एका रविवारी संपवतो.

आपल्याकडे काय?

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. दर आठवड्याला साप्ताहिकातली चालू कादंबरी आधी वाचून मग बाकीची पाने उलटणाऱ्या गृहिणी आपल्याच घरांत होत्या. 'क्रमशः' या शब्दावर मराठी वाचक वाढला आहे. मात्र कॉमिक म्हटले की आपल्याकडे आजही 'मुलांसाठी असेल' हेच उत्तर येते. मोठ्यांसाठीची चित्रकथा आपल्याकडे आली ती थेट पुस्तकातूनच. ओरिजित सेन यांचे नर्मदा खोऱ्यातील आदिवासींवरचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली एका पर्यावरण संस्थेने काढले. पुढे ते मिळेनासे झाले आणि २०२२ साली नव्याने छापले गेले. सारनाथ बॅनर्जी यांचे 'कॉरिडॉर' २००४ साली इंग्रजी पुस्तक म्हणून आले. नर्मदेचा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमेवरचा, पण त्यावरची ती चित्रकथा किती मराठी घरांत पोहोचली असेल? पाच-दहा रुपयांच्या हप्त्यांनी ती मराठीत आली असती तर गोष्ट निराळी झाली असती, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

पालकांनी एक ध्यानात ठेवावे. या लेखातल्या 'बोन'सारखी काही सोडली तर बहुतेक कॉमिक्स प्रौढांसाठी आहेत. चित्रे आहेत म्हणून लहानग्यांच्या हाती सरसकट देऊ नयेत. पण घरातला मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानांवर चौकटी आखून गोष्टी रेखाटत असेल तर 'अभ्यास सोडून हे काय?' असे एकदम म्हणू नका. हार्वे पीकरही नोकरी सांभाळूनच हे सारे करत होता!

दोरा अजून तुटलेला नाही

नाकेदाराचेही पुढे काय झाले ते पाहा. २०२० साली करोनाच्या साथीत डायमंडने काही आठवडे माल पाठवणेच थांबवले. त्याच वर्षी डीसी आणि पुढच्या वर्षी मार्व्हल दुसऱ्या वितरकांकडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच वाटेवर साऱ्यांनी विसंबण्याचा शेवट असा झाला.

तरी पिना मारलेला अंक पुरता गेलेला नाही. सहाशे पानांचे पुस्तक एकदम काढून ज्याने नवा पायंडा पाडला, त्याच क्रेग थॉम्पसनने २०१९ पासून 'जिनसेंग रूट्स' बारा छोट्या अंकांत काढले, पुस्तक त्यानंतर. लहानपणी शेतात जिनसेंगची मुळे खणून त्या पैशांतून तो कॉमिक्स घेत असे, त्याचीच ही कहाणी. 'लव्ह अँड रॉकेट्स' २००८ पासून वर्षातून एकदा पुस्तकासारखे निघत होते, ते २०१६ पासून पुन्हा अंकरूपात आले. २०२४ साली पीटर बॅगनेही 'हेट'मधल्या आपल्या जुन्या पात्रांना चार नव्या अंकांत परत आणले. मेरीलँडमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या छोट्या प्रकाशकांच्या मेळाव्यासारख्या मेळाव्यांत आजही तरुण मुले टेबलामागे बसून घरी दुमडलेले, पिना मारलेले अंक विकतात. दुकानांची मोठी यादी नसली तरी समोरचा वाचक असतो आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात.

पुस्तक घरात येते ते पाहुण्यासारखे. त्याला कपाटात मानाची जागा मिळते. अंक मात्र घरच्या माणसासारखा असतो. तो उशीखाली जातो, चहाचे डाग अंगावर घेतो, शेजारी नेऊन परत आणून देतो आणि पुन्हा येतो म्हणून सांगून जातो. त्या 'पुन्हा येतो'वर विसंबून एका पिढीने वाट पाहिली आणि काही चित्रकारांनी आपले उभे आयुष्य रेखाटले. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत वेताळाचा एखादा जुना अंक सापडलाच, तर रद्दीत टाकण्यापूर्वी घरातल्या पोरांना एकदा वाचून दाखवा. गोष्ट ऐन रंगात आली की तिथेच थांबा आणि म्हणा, पुढचे उद्या!